उन्हापासून त्वचेचे रक्षण आणि आपल्या परिसरातील वनस्पती

मे महिन्याच्या अखेरीस धुळ्यात एक दिवस असा येतो, की दुपारी साडेबाराच्या सुमारास मैदानावरील ध्वजस्तंभाची सावली त्याच्या पायाशीच विरून जाते. सूर्य त्या क्षणी बरोबर माथ्यावर असतो. खानदेशचे ऊन म्हणजे काय, हे या स्मरणिकेच्या वाचकांना आम्ही सांगावे असे नाही. रावेर-यावलच्या केळीबागांत किंवा शिंदखेड्याकडील कपाशीच्या शेतांत ज्यांचे आयुष्य गेले, त्यांच्या मानेवर आणि हातांच्या पाठीवर ते उमटलेलेच आहे. तरीही हा विषय आम्ही घेतला, त्याला एक प्रसंग कारण झाला.

काही वर्षांपूर्वी क्रीडास्पर्धांच्या दिवशी सकाळी वसतिगृहातील आठवीच्या एका मुलीने चेहरा उजळावा म्हणून हिरव्या लिंबाची फोड सालीसकट गालांवर चोळली आणि ती तशीच मैदानावर गेली. दोन दिवसांनी तिच्या गालांवर लाल चट्टे उठले, मग फोड आले, आणि ते बरे झाल्यावर जे तपकिरी डाग उरले ते जायला तीन-चार महिने लागले. घरच्या एका लग्नात कोणीतरी तिला ‘काळी’ म्हणून हिणवले होते, हे आम्हांला मागाहून समजले. त्वचारोगतज्ज्ञांनी आम्हांला कारण सांगितले. लिंबाच्या सालीत फ्युरानोकुमारिन नावाची द्रव्ये असतात. ती त्वचेवर असताना त्यांवर ऊन पडले, की त्वचा भाजल्यासारखी होते. घरातला निरुपद्रवी वाटणारा उपाय तिच्या अंगावर असा उलटला. तेव्हापासून ‘वनस्पतिजन्य आहे, म्हणजे अपाय नाही’ हे वाक्य आम्ही वसतिगृहात कोणालाही उच्चारू देत नाही.

उन्हात दोन गोष्टी असतात, त्यांची गल्लत होऊ नये. उष्णता आपल्याला जाणवते. अतिनील किरण जाणवत नाहीत. या किरणांपैकी ‘बी’ प्रकारचे किरण त्वचा भाजतात. ‘ए’ प्रकारचे किरण अधिक खोल जातात, सुरकुत्या आणि काळे डाग वाढवतात, आणि खिडकीच्या काचेतून व विरळ ढगांतूनही बरेचसे आत येतात. म्हणून पौषातल्या सुखद उन्हात कापूस वेचणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावर वांग येतो, तेव्हा ‘ऊन तर कोवळे होते’ असे म्हणून भागत नाही.

या किरणांविरुद्ध निसर्गाने दिलेली पहिली ढाल म्हणजे त्वचेतील मेलॅनिन, ज्याला आपण सावळा रंग म्हणतो. १९७९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले, की गोऱ्या व्यक्तींच्या बाह्यत्वचेतून सुमारे २४ टक्के ‘बी’ किरण आत जातात, तर कृष्णवर्णीयांच्या बाह्यत्वचेतून साधारण ७ टक्केच. आपली बहुतेकांची त्वचा या दोहोंच्या मध्ये कोठेतरी येते. जो रंग घालवण्यासाठी आपल्या मुली लिंबू चोळतात, औषधांच्या दुकानातून स्टेरॉइड असलेली मलमे चिठ्ठीशिवाय आणतात, तोच रंग त्यांना राखत असतो. रक्षण करायचे ते त्वचेचे. रंग बदलण्याचा खटाटोप निराळा आहे, आणि त्यात आम्ही सहभागी नाही.

आता वनस्पतींकडे वळू. पहिला प्रश्न नेहमी खोबरेल तेलाचा असतो. रायपूरच्या विद्यापीठातील संशोधकांनी २०१० मध्ये निरनिराळ्या तेलांची सूर्यसंरक्षण क्षमता, म्हणजे एसपीएफ, प्रयोगशाळेत मोजली. खोबरेल आणि ऑलिव्ह तेलाचा आकडा ८ च्या आसपास, तर तिळाच्या तेलाचा २ च्या जवळपास आला. हे आकडे तेव्हापासून सर्वत्र फिरत आहेत. परंतु ते मोजले कसे, हे कोणी सांगत नाही. तेल अल्कोहोलमध्ये विरघळवून काचेच्या लहान नळीत ठेवले जाते आणि त्यातून किती किरण पार होतात ते यंत्राने पाहिले जाते. घामाने निथळणाऱ्या मानेवर तेलाचा थर तसा एकसारखा राहत नाही. शिवाय ८ चा आकडा खरा धरला, तरी भाजणाऱ्या किरणांचा आठवा हिस्सा आत येतच राहतो. एसपीएफ ३० मध्ये तिसावा हिस्सा येतो. खोबरेल तेल त्वचा मऊ ठेवते, तेवढ्यासाठी ते जरूर लावावे.

कोरफडीबाबतही असेच आहे. तिचा गर उन्हाने तापलेल्या त्वचेला थंडावा देतो, मात्र किरण अडवण्याचे काम त्याच्याकडून फारसे होत नाही. हळदीतील कर्क्युमिन गुणकारी असले, तरी प्रकाशात ते स्वतःच लवकर नष्ट होते. त्यामुळे हळदीचा लेप लावून उन्हात बसण्यात अर्थ नाही.

अधिक आशा आहे ती वनस्पतींतील ऑक्सिडीकरणविरोधी द्रव्यांबद्दल. किरण त्वचेत शिरल्यावर जी विध्वंसक रसायने निर्माण होतात, त्यांना ही द्रव्ये आवर घालतात. हिरव्या चहातील पॉलिफेनॉल आधी लावले, तर त्वचेची लाली कमी होते, असे माणसांवरील प्रयोगांत दिसले आहे. गव्हा-तांदळाच्या कोंड्यात आढळणारे फेरुलिक आम्ल ‘क’ आणि ‘ई’ जीवनसत्त्वांच्या जोडीला दिले, तेव्हा त्यांचे संरक्षण सुमारे दुप्पट झाले, असे २००५ मधील एका अमेरिकन प्रयोगात आढळले. आम्हांला सर्वांत आवडलेला प्रयोग मात्र जर्मनीतील आहे. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात स्वयंसेवकांनी रोज ४० ग्रॅम टोमॅटोचा दाट लगदा थोड्या ऑलिव्ह तेलासह खाल्ला. दहा आठवड्यांनी त्यांच्या त्वचेवर अतिनील किरणांमुळे येणारी लाली इतरांपेक्षा ४० टक्के कमी होती. चौथ्या आठवड्यात मात्र काहीच फरक नव्हता. टोमॅटोतील लायकोपीन शिजवल्याने आणि तेलामुळे अंगी अधिक लागते. वसतिगृहात तेलावर परतलेली टोमॅटोची चटणी पाहून नाक मुरडणाऱ्या आमच्या माजी विद्यार्थ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे.

रस्त्याकडेच्या करंजालाही या यादीत स्थान आहे. त्याच्या बियांतील करंजिन आणि पोंगामॉल ही द्रव्ये अतिनील किरण शोषून घेतात. पण म्हणून घाण्यावरचे उग्र तेल तोंडाला फासू नये. कारखान्यात शुद्ध केलेला घटक आणि घाण्याचे तेल यांत बरेच अंतर आहे. शिरपूर परिसरात औषधनिर्माणशास्त्र शिकणाऱ्या आमच्या मुलांपैकी कोणी या झाडाकडे लक्ष दिले, तर आम्हांला आनंदच होईल.

याउलट बावची उन्हापासून दूरच ठेवावी. तिच्या बियांत सोरालेन असते. कोडावरील उपचारांत वैद्य व डॉक्टर त्याचा उपयोग ऊन किंवा अतिनील किरणांसोबत करतात, कारण ते त्वचेची किरणांना होणारी प्रतिक्रिया वाढवते. स्वतःच्या मनाने लावले, तर भाजते. गाजरगवताचाही येथेच उल्लेख करायला हवा. १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम दिसलेले हे गवत आज आपल्या प्रत्येक बांधावर आहे. त्यातील पार्थेनिनमुळे चेहरा, मान आणि हात यांवर खाजणारा, जाड होत जाणारा त्वचारोग होतो. तो उघड्या भागांवर येतो म्हणून शेतकरी त्याला ‘ऊन बाधले’ असे समजतात आणि वर्षानुवर्षे तेच गवत हातांनी उपटत राहतात.

विकतचे मलम घ्यायचेच असेल, तर ‘हर्बल’ या शब्दाऐवजी एसपीएफ ३० किंवा अधिक आणि ‘पीए’पुढील अधिक-चिन्हे पाहावीत. बाहेर पडण्यापूर्वी ते सढळ हाताने लावावे आणि दर दोन तासांनी पुन्हा लावावे. शेतमजुराच्या कुटुंबाला हा खर्च परवडत नाही, हे आम्ही जाणतो. त्यांच्यासाठी सर्वांत भरवशाचे वनस्पतिजन्य साधन म्हणजे आपला कापूसच आहे. घट्ट विणीचे, गडद रंगाचे सुती कापड पातळ पांढऱ्या कापडापेक्षा कितीतरी अधिक किरण अडवते. सुती कापड ओले झाले की ही शक्ती घटते, म्हणून घामाने भिजलेला रुमाल बदलावा. डोक्यावरून घेतलेला जाड पदर कानांपर्यंत आणि मानेपर्यंत आला पाहिजे.

आमच्या विद्यालयात आता कवायत सकाळी साडेआठच्या आत संपते आणि क्रीडास्पर्धांचे दुपारचे सामने चार वाजल्यानंतर होतात. मैदानाच्या पश्चिमेला लावलेली करंजाची रोपे अजून कमरेएवढीच आहेत. स्नेहमेळाव्याला येणाऱ्यांनी तूर्त टोपी किंवा रुमाल सोबत आणावा.