वरातीतला बेंजो

शहापूर-मुरबाडकडे लग्नाची तारीख ठरली की आचारी आणि मांडववाला यांच्याबरोबरच बेंजो पार्टीलाही फोन जातो. एप्रिल-मे महिन्यांत तिथीला तिथी लागून येते, तेव्हा नावाजलेली पार्टी मिळणं कठीण. मग लोक मुहूर्त नक्की होण्याआधीच सुपारी देऊन ठेवतात. हळदीच्या रात्री जेवणं उरकली की वाजवणारे बसतात, आणि आसनगावपासून टोकावड्यापर्यंत कुठल्याही गावात पुढचे दोन तास पोरंच काय, म्हातारेसुद्धा घरात थांबत नाहीत.

पार्टीत ढोलकी, ताशा, कच्छी ढोल, ऑक्टोपॅड आणि कॅसिओ असतो, पण सगळ्यांच्या पुढे असतो बेंजो. अमेरिकेतल्या गोल तोंडाच्या बँजोशी याचं नावापुरतंच नातं. आपला बेंजो म्हणजे लाकडाची लांबट पेटी. तिच्यावर पोलादी तारा ताणलेल्या आणि तारांवर टाइपरायटरसारख्या कळा. डाव्या हाताची बोटं कळा दाबतात आणि उजव्या हातातली पिक तारा छेडते. कळ दाबली की तिची धातूची पट्टी तारेवर टेकते, वाजणारी तार आखूड होते आणि सूर चढतो. पेटीत पिकअप बसवलेला असतो. त्याची वायर अॅम्प्लिफायरला जोडायची, थोडा इको द्यायचा, की हा एवढासा डबा पाच-सहा तालवाद्यांवर मात करतो.

या वाद्यात एक मोठी अडचण आहे आणि वाजवणाऱ्याची कसोटी तिथेच लागते. कळ जागची हलत नाही, त्यामुळे गळ्यातून किंवा सारंगीतून निघते तशी मींड इथे काढता येत नाही. शिवाय छेडलेल्या तारेचा नाद लगेच ओसरतो. म्हणून लांब सूर धरायचा तर पिक खाली-वर इतकी भरभर फिरवावी लागते की वेगवेगळे आघात ऐकूच येऊ नयेत. मनगट सैल ठेवून, ऐन वरातीत चालता चालता, घामानं पिक निसटत असताना हे साधायचं. चांगल्या वादकाचा सूर त्या थरथरीतही सरळ उभा राहतो. कच्च्या वादकाचा नुसता खडखडाट होतो.

हीच थरथर युरोपातल्या मेटल संगीतात इलेक्ट्रिक गिटारवर ऐकू येते. नेदरलँड्सच्या गेल्डरलँड प्रांतात 2002 मध्ये हायडेफोल्क नावाचा बँड उभा राहिला. हे लोक इंग्रजीच्या मागे न लागता आपल्या डच भाषेत गातात. दोन गायक एकत्र सूर लावतात आणि जड गिटार-ड्रमच्या जोडीला व्हायोलिन येतं. त्यांचा 2012 चा 'बटावी' हा अल्बम रोमन काळात त्या भूमीवर राहणाऱ्या टोळीवर आहे, तर 2015 चा 'वेलुआ' त्यांच्याकडच्या फेलुवे या रानामाळाच्या प्रदेशावर. आपल्या मुलखाच्या गोष्टी आजच्या सगळ्यात दणदणीत आवाजात सांगायच्या, हा त्यांचा ध्यास. जगभर त्याला फोक मेटल म्हणतात आणि त्यावर गंभीरपणे लिहिलं जातं. मला विचाराल तर ठाणे जिल्ह्याच्या गावांत हेच काम बेंजो पार्ट्या करत आल्या आहेत, तेही कुणी नाव न देता.

कारण त्यांच्याकडे चाली इथल्या आहेत. लग्नविधीची गाणी म्हणणाऱ्या धवळारणीनं मांडवात संथपणे म्हटलेली चाल, हळदीची गाणी, आगरी-कोळ्यांची एकवीरेची गाणी हे सगळं बेंजोवर येतं. धवळ्याची चाल फार थोड्या सुरांत फिरते, तेच तेच वळण पुन्हा घेते. ती वरच्या सप्तकात चढवून ढोलाच्या ठेक्यावर टाकली की जी बाई सकाळी ती बसून म्हणत होती तीच रात्री तिच्यावर नाचते. शब्द गळून पडतात, पण चाल सगळ्यांना पाठ असल्यामुळे कुणाचं काही अडत नाही.

वाद्य मूळचं परकं आहे. 1912 मध्ये जपानमधल्या नागोया शहरात गोरो मोरिता यानं टाइपरायटरच्या कळांवरून कल्पना घेऊन 'ताइशोगोतो' बनवलं. ते आपल्याकडे आलं आणि 'बुलबुल तरंग' झालं. बलुचिस्तानात तेच आकारानं वाढून 'बेंजू' झालं. तिथे त्याचे उस्ताद आहेत, लोक मैफलीत त्यांना मांडी घालून ऐकतात. हार्मोनियमची पेटी युरोपातून आली म्हणून आपण भजनातून तिला काढलं नाही. मग बेंजोलाच लोकवाद्य म्हणायला का कचरावं?

तारप्याला तो मान मिळाला आहे, आणि मिळायलाच हवा होता. दुधी भोपळा, बांबू आणि मेण यांतून घडणारं हे वारल्यांचं वाद्य. जव्हारकडचे तारपावादक भिकल्या धिंडा यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला तेव्हा या सगळ्या पट्ट्याला आनंद झाला. 1 ऑगस्ट 2014 ला पालघर जिल्हा वेगळा झाला आणि जव्हार, मोखाडा, डहाणू तिकडे गेले. शहापूर, मुरबाड ठाण्यातच राहिले. इथल्या ठाकर आदिवासींवर ल. ना. चापेकरांनी 1960 मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं. बेंजोच्या वाट्याला मात्र रवी जाधव यांचा 2016 चा 'बँजो' हा हिंदी चित्रपट आला, आणि तोही मुंबईतल्या वस्तीचा. खेड्यातल्या पार्टीत कुणी कुणाकडून हात शिकला, कुठली चाल कुठल्या गावातून आली, याची नोंद व्हायला हवी, आणि तीही आत्ता, पहिल्या पिढ्यांचे वादक सांगायला आहेत तोवर.

हे घाईनं म्हणण्याचं कारण डीजे. एक गाडी, एक माणूस, भिंतीएवढे स्पीकर. दहा-बारा वाजवणाऱ्यांची बिदागी, जेवण, टेम्पो यांपेक्षा तो हिशेबाला सोपा. रात्री दहानंतर वाजवायचं नाही हा ध्वनिप्रदूषणाचा 2000 सालचा नियम दोघांनाही लागू आहे, आणि तो पाळलाच पाहिजे. गावात आजारी माणसं असतात, परीक्षेची मुलं असतात. पण दहाच्या आत जो वेळ हातात आहे तो कुणाला द्यायचा, हे यजमानानं ठरवायचं असतं. बेंजोवाला नवरदेवाच्या मामाकडे बघून ठेका उचलतो, दमलेल्या आजीसाठी उतरवतो, मागितलेली चाल तिथल्या तिथे धरतो. डीजेवालाही हल्ली गर्दी पांगायला लागली की रेकॉर्ड केलेली बेंजोचीच गाणी लावतो.