टर्बो बदलताना पैसे कुठे लावावेत?

मारुती स्विफ्टच्या डिझेल मॉडेलमधून २००७ साली भारतात आलेलं फियाटचं १२४८ सीसीचं मल्टिजेट इंजिन पुढे टाटा इंडिका व्हिस्टा, फियाट लिनिया, पुंटो अशा अनेक गाड्यांत बसलं. पुण्याजवळ रांजणगावलाही ते तयार होत होतं. मारुतीने २०२० मध्ये डिझेल गाड्या बंद केल्या, तरी या इंजिनाच्या जुन्या गाड्या गावोगावी धावताहेत. त्यांच्या मालकांवर आता टर्बो बदलायची वेळ येते. खर्च होणारच आहे, तर जरा मोठा, जास्त ताकदीचा टर्बो का बसवू नये, असं मनात येणं साहजिक आहे.

पण आधी जुना टर्बो कशाने गेला, ते शोधायला हवं. टर्बोत एग्झॉस्टच्या गरम वायूंवर एक चाक फिरतं आणि त्याच शाफ्टच्या दुसऱ्या टोकाचं चाक इंजिनात हवा दाबून भरतं. छोट्या टर्बोत हा शाफ्ट मिनिटाला दोन लाखांहून जास्त फेरे घेऊ शकतो, तेही ऑइलच्या पातळ थरावर तरंगत. ऑइल कमी पडलं किंवा त्यात कचरा आला, की बेअरिंग घासलंच म्हणून समजा. टर्बो निकामी होण्याचं कारण बहुतेक वेळा टर्बोच्या बाहेर सापडतं. ते तसंच ठेवलं, तर नव्याचीही तीच गत होते.

म्हणून पहिला खर्च ऑइलच्या वाटेवर. टर्बोला ऑइल पुरवणारा जुना फीड पाइप बाहेरून ठणठणीत दिसतो, पण आत जळक्या ऑइलचा काळा, कडक थर बसून मूळचंच बारीक छिद्र आणखी अरुंद झालेलं असतं. काही इंजिनांत त्याच्या बोल्टमध्ये छोटी जाळी असते, तीही तुंबते. हा पाइप धुऊन परत लावण्यापेक्षा नवा घ्यावा. सोबत वॉशर, गॅस्केट, ऑइल फिल्टर आणि कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचं ताजं ऑइल. ऑइलच्या जोडांवर सीलंट थापू देऊ नये. त्याचा तुकडा सुटला, तर तोच ऑइलची वाट अडवतो.

दुसरा खर्च हवेच्या वाटेवर. टर्बो फुटला असेल, तर इंटरकूलरमध्ये ऑइल साचलेलं असतं, कधी चाकाचे तुकडेही अडकलेले असतात. तो नीट साफ करावा, तुकडे निघत नसतील तर बदलावा. रबरी होज भेगाळले असतील, तर दाब गळतो आणि ती तूट भरून काढायला टर्बो गरजेपेक्षा जोरात फिरत राहतो. इथे चांगले सिलिकॉन होज लावणं ही खरोखर उपयोगाची सुधारणा आहे. फक्त आतून फ्लुरोसिलिकॉनचं अस्तर असल्याची खात्री करावी, कारण साधं सिलिकॉन ऑइलच्या वाफेपुढे टिकत नाही. एअर फिल्टरही याच वेळी बदलून घ्यावा.

आता मोठ्या टर्बोचं. याच इंजिनाचे दोन प्रकार मारुतीने विकले: स्विफ्टमध्ये साधा टर्बो, ७५ पीएस आणि १९० न्यूटन मीटर, एसएक्स४ आणि अर्टिगामध्ये व्हेरिएबल जॉमेट्री टर्बो, ९० पीएस आणि २०० न्यूटन मीटर. दुसऱ्यातल्या पात्या वेगानुसार कोन बदलतात आणि त्यांना हुकूम ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, देतो. स्विफ्टच्या ईसीयूला ते हुकूम ठाऊकच नाहीत, त्यामुळे नुसता टर्बो बदलून हाती काही लागत नाही. आकाराने मोठा टर्बो आणखी अडचणीचा. जड चाकं फिरायला जास्त वायू लागतो, आणि हे इंजिन मुळातच २००० आरपीएमखाली मंद असतं. खंबाटकीच्या चढावर ट्रकमागून दुसऱ्या गिअरमध्ये निघताना ही उणीव जास्तच जाणवेल. बॉल बेअरिंगचे महाग टर्बो रेसिंगसाठी योग्य. रोजच्या गाडीत त्यांचा खर्च वसूल होत नाही.

ईसीयूचा प्रोग्रॅम बदलून (रिमॅप करून) ताकद वाढवली, तर क्लच आणि गिअरबॉक्सवर ताण येतो. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ तपशिलांशी विसंगत फेरफारांना आडकाठी करतं, आणि न कळवलेल्या बदलामुळे विम्याचा दावा अडू शकतो.

टर्बो घेताना नेमप्लेटवरचा पार्ट नंबर जुन्याशी ताडून पाहावा. रिकंडिशन घ्यायचा असेल, तर कोअरच्या, म्हणजे मधल्या फिरत्या भागाच्या, बॅलन्सिंगचा रिपोर्ट मागावा. व्हेरिएबल जॉमेट्रीचा असेल, तर पात्या फ्लो बेंचवर सेट केल्यात का, हेही विचारावं. बसवताना मेकॅनिकने टर्बोत ताजं ऑइल ओतून शाफ्ट हाताने फिरवावा आणि इंजिन सुरू झाल्यावर थोडा वेळ आयडलवरच ठेवावं. पहिल्या ५०० किलोमीटरांत ऑइलची पातळी आणि होजचे क्लॅम्प दोन-तीनदा तपासावेत. धूर दिसला किंवा शिट्टीसारखा आवाज वाढला, तर लगेच गॅरेज गाठावं.