पलटण हिंगोलीत, पगार वऱ्हाडातून

हिंगोलीत रिसाला बाजार, पलटण, तोफखाना किंवा पेन्शनपुरा सांगितलं की रिक्षावाला बिनचूक नेऊन सोडतो. घोडदळ, पायदळ, तोफा आणि निवृत्त शिपाई, अशी अख्खी छावणी या गावाच्या मोहल्ल्यांत मुरली आहे. ती निजामाची, असं आपण सरसकट म्हणतो. कागदोपत्री ते खरंही आहे. पण तिचे वरचे अधिकारी इंग्रज होते आणि शब्द चालायचा हैदराबादेतल्या इंग्रज वकिलाचा, म्हणजे रेसिडेंटचा. निजामाकडे उरलं होतं ते पगार भागवायचं काम.

दूरचा मुलूख स्थानिक राजाच्या हातून, त्याच्याच खर्चानं ताब्यात ठेवायचा, हे तंत्र रोमनांनी पक्कं केलं होतं. इ.स. ४३ मध्ये ब्रिटनवर स्वारी केल्यावर त्यांनी काही टोळ्यांचे राजे गादीवर राहू दिले. सुभेदाराकडे फौज आणि न्याय. पैशाचा कारभार मात्र प्रोक्युरेटर नावाच्या वेगळ्या अधिकाऱ्याकडे, आणि तो थेट सम्राटाला जबाबदार. इसेनी टोळीचा राजा प्रासुतागस यानं मुलींच्या जोडीनं सम्राटालाही वारस केलं होतं. तो वारताच अधिकाऱ्यांनी सगळंच राज्य लुटलं, रोमन धनकोंनीही कर्जं एकदम परत मागितली. त्यातून राणी बूडिकाचं बंड पेटलं आणि लंडन जळालं.

हैदराबादेतही कर्ज हेच मोठं हत्यार ठरलं. रेसिडेंट हेन्री रसेल यानं १८१३ च्या सुमारास निजामाच्या खर्चानं इंग्रजी शिस्तीची पलटण उभारली. तीच वाढत जाऊन हैदराबाद कंटिंजंट झाली, हिंगोलीत जिची छावणी होती ती. पैनगंगेच्या खोऱ्यातल्या नौसाजी नाईक हटकरांची नोव्ह्याची गढी जानेवारी १८१९ मध्ये मेजर पिटमननं पाडली, तीही निजामाच्याच फौजेनिशी. पगार तटले की कारभारी चंदूलाल पामर आणि कंपनीच्या पेढीकडून भारी व्याजानं पैसे उचलत. ते देणं फेडताना, इंग्रजांकडून उत्तर सरकारांच्या मुलखाबद्दल दरसाल मिळणारी सात लाखांची पेशकश निजामाला १ कोटी १६ लाखांवर कायमची सोडून द्यावी लागली. इकडे गावोगावची वसुली गुत्तेदारांकडे होती. गुत्ता घेतलेली रक्कम भरून वर नफा काढायचा, तर तो कुणब्याच्या खळ्यावरूनच निघणार. या सगळ्या हिशेबात माझ्या मते सर्वांत जास्त भरलं ते त्यानं, आणि त्याला कुणी काही विचारलं नाही.

कंटिंजंटच्या पगाराची थकबाकी वाढली तशी गव्हर्नर जनरल डलहौसीनं मान आवळली. २१ मे १८५३ च्या तहान्वये वऱ्हाड, नळदुर्ग-धाराशिवकडचा मुलूख आणि रायचूर दुआब इंग्रजांच्या कारभाराखाली गेले. त्या उत्पन्नातून किमान ५,००० पायदळ, २,००० घोडदळ आणि चार तोफखाने पोसायचे होते. आता नकाशा पाहा. हिंगोलीच्या वर पैनगंगा, पलीकडे वाशीम, म्हणजे वऱ्हाड. शिपाई अलीकडे, त्यांचा पगार पलीकडच्या शेतसाऱ्यातून, आणि दोन्हीकडे मालक म्हणून नाव निजामाचंच! पाचच वर्षांत याच कंटिंजंटच्या तुकड्या इंग्रज सेनापती ह्यू रोजच्या हाताखाली झाशीच्या राणीच्या फौजेशी लढल्या. हैदराबादच्या रक्षणासाठी म्हणून उभी केलेली फौज ईस्ट इंडिया कंपनीची सत्ता वाचवायला बुंदेलखंडात गेली.

तहानंतर दहाएक दिवसांत चोवीस वर्षांचे सालारजंग दिवाण झाले. त्यांनी १८६५ ची जिल्हाबंदी, म्हणजे जिल्ह्यांची रचना, करून गुत्तेदारी मोडीत काढली, पगारी तालुकदार आणि तहसीलदार नेमले. मराठवाड्याच्या महसुली कारभाराची घडी तिथून बसली. या माणसाबद्दल आपल्या पाठ्यपुस्तकांत अधिक यायला हवं. १८६० मध्ये धाराशिव आणि रायचूर परत मिळाले. वऱ्हाडासाठी मात्र सालारजंग मरेपर्यंत भांडत राहिले, आणि ते मिळालं नाही.

१९०२ मध्ये व्हाइसरॉय कर्झननं निजाम मीर महबूब अली खान यांच्याकडून वऱ्हाड वर्षाला २५ लाख रुपयांच्या कायमच्या पट्ट्यानं घेतलं. पुढच्याच वर्षी कंटिंजंट हिंदी सैन्यात विलीन होऊन हिंगोलीची छावणी उठली. पैनगंगेचे दोन्ही काठ पुन्हा एका कारभाराखाली आले ते १ नोव्हेंबर १९५६ ला, द्विभाषिक मुंबई राज्यात.