मनात रुजलेली समजूत

भामरागडजवळ हेमलकशाला १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. सुरुवातीला माडिया आदिवासी दवाखान्याकडे फारसे वळत नव्हते. डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांच्यावर त्यांचा विश्वास बसला तो रुग्ण बरे झालेले पाहून.

मला वाटते, मनाच्या आजारातही अनुभवच समजूत बदलतो. 'मी बिनकामाचा' ही लहानपणापासून रुजलेली समजूत नैराश्य वाढवते. तिथे 'असा विचार करू नकोस' म्हणून भागत नाही. अमेरिकेतील डॉ. एरन बेक यांनी १९६०च्या दशकात मांडलेल्या उपचारात रुग्ण स्वतःच विचारतो, याला पुरावा काय? मग छोटी कामे करून पडताळा घेतो. समजूत हळूहळू सैल होते.

घरात कोणी खचले असेल, तर १४४१६ या 'टेली-मानस' क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. चालू औषधे मात्र परस्पर बंद करू नयेत.