दारातले पिल्लू आणि घरातले मूल

घरात प्राणी पाळावा की नाही, हा प्रश्न आपल्याकडे मोठी माणसे क्वचितच काढतात. तो मुले काढतात, आणि तोही पिल्लू छातीशी धरून, दारात उभे राहून. उत्तर तिथल्या तिथे द्यावे लागते. घाईत दिलेला होकार काय किंवा नकार काय, दोन्ही विचारावाचून दिलेले असतात. तो विचार येथे जरा सावकाश करावा, एवढाच आमचा हेतू आहे.

प्रथम हे पिल्लू येते कोठून, ते पाहू. 'कुत्र्यांचा भाद्रपद' हा शब्दप्रयोग आपण थट्टेने करतो. पण त्यात निरीक्षण अचूक आहे. गावठी कुत्र्यांचा समागमकाळ बहुधा पावसाळ्याच्या उत्तरार्धात येतो. कुत्रीचा गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा. भाद्रपदात हे दिवस मिळवले म्हणजे कार्तिक-मार्गशीर्ष येतो. म्हणूनच ऐन थंडीत आपल्या चाळीसगावच्या गल्लीबोळांत, बांधकामाच्या वाळूच्या ढिगावर, एखाद्या ओट्याच्या आडोशाला पिल्ले दिसू लागतात. दहा ते चौदा दिवसांनी त्यांचे डोळे उघडतात, तिसऱ्या आठवड्यात ती लुटुलुटु चालू लागतात आणि शाळेतून परतणाऱ्या मुलांच्या नजरेस पडतात. त्यांतली कित्येक थंडीने, रोगाने किंवा चाकाखाली दगावतात. मुलाचा हट्ट हा नुसता हट्ट नसतो. पुष्कळदा त्याने सकाळी पाच पिल्ले पाहिलेली असतात आणि संध्याकाळी चारच.

कुत्र्याशी आपला संबंध काही आजचा नव्हे. पंचबलीत गाय आणि कावळा यांच्याबरोबर कुत्र्याचाही घास काढलेला आहे. दत्तात्रेयांच्या पायाशी चार कुत्री आहेत. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव आपल्याला ठाऊक आहेत. आणि सोबतच्या कुत्र्याला टाकून स्वर्गात पाऊल ठेवणार नाही, असे म्हणणारा धर्मराजही. खंडोबाच्या उपासनेत तर कुत्र्याला विशेष मान आहे. चंपाषष्ठीला वांग्याचे भरीत आणि बाजरीचा रोडगा यांचा नैवेद्य होतो आणि अनेक घरी त्यातला वाटा कुत्र्याला घातला जातो. भरताच्या आवडीबद्दल खानदेशाला कोणी काही शिकवायला नको. ही चंपाषष्ठी मार्गशीर्षात, म्हणजे गल्लीतल्या कुत्र्या जेव्हा अंगावर पाजत असतात नेमक्या त्याच दिवसांत येते, हेही लक्षात घेण्यासारखे आहे.

परंतु या साऱ्या परंपरेत कुत्र्याची जागा उंबऱ्याबाहेर होती. तो एका घराचा नव्हता, आळीचा होता. या घरची अर्धी भाकर, त्या घरचा उरलेला भात, रात्री कोणाच्याही ओट्यावर मुक्काम. मुले त्याच्याशी खेळत. पण त्याचा भार दहा घरांत वाटलेला असे. आज ओटे गेले, वाडे पडले, नव्या वसाहतींत भिंतीआड घरे झाली. घरात एक किंवा दोन मुले. दारातला प्राणी दिवाणखान्यात आला, आणि दहा घरांचा भार एका घरावर, खरे सांगायचे तर त्या घरातल्या एका बाईवर पडला. आम्हांला वाटते की, आजच्या बहुतेक अडचणींचे मूळ या बदलात आहे. प्राणी घरात घेतला, पण घराने आपली वागणूक बदलली नाही.

मुलाला प्राण्यापासून काय मिळते? या बाबतीत खानदेशाला दूर जाण्याचे कारण नाही. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी पुढे १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिले. त्यात मोरी गाईवर एक प्रकरण आहे, आणि आईची लाडकी मथी मांजरही आहे. ही जनावरे तेथे शोभेसाठी आलेली नाहीत. त्या घराच्या सुखदुःखाचा ती भाग आहेत. श्याम दया शिकला तो पाठ ऐकून नव्हे, तर आई मुक्या जिवाशी कशी वागते हे रोज पाहून. यातला धडा पालकांनी नीट ओळखावा. कुत्रे आणल्याने मूल आपोआप प्रेमळ होत नाही. बाप कुत्र्याला लाथ मारीत असेल, तर मुलगा लाथ मारायलाच शिकेल.

जबाबदारीची शिकवण मिळावी म्हणून पिल्लू आणतो, असेही पुष्कळजण म्हणतात. पाच वर्षांच्या मुलाने पाण्याचे भांडे भरावे, दहा वर्षांच्या मुलाने अंग विंचरावे, मोठ्यांबरोबर फिरवून आणावे, हे योग्यच आहे. पण खाणे, औषध आणि लस यांचा हिशोब मोठ्यांकडेच असला पाहिजे. 'तू सांभाळणार म्हणालास ना, मग राहू दे त्याला उपाशी', ही शिक्षा मुलाला होत नाही. ती कुत्र्याला होते.

आता पिल्लाच्या देहधर्माविषयी थोडे. आठ आठवडे पुरे होण्यापूर्वी त्याला आईपासून तोडू नये. दूध तर तुटतेच, शिवाय भावंडांशी खेळताना किती जोराने चावले म्हणजे दुसऱ्याला दुखते, हे ते याच काळात शिकते. हे शिक्षण हुकलेले पिल्लू पुढे मुलांचे हात चावते आणि बोल लावला जातो त्याच्या जातीला. आपल्याकडचा झणझणीत काळ्या मसाल्याचा रस्सा भाकरीवर ओतून त्याच्यापुढे ठेवण्याची चाल सोडावी. तिखटाचे राहू द्या, पण कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशींचा नाश करतात. चॉकलेट आणि द्राक्षे हीदेखील त्याला विषारी आहेत, आणि नेमकी हीच मुले प्रेमाने भरवतात. पिल्लांच्या पोटात बहुधा जंत असतात व ते मातीतून मुलांच्या पोटात जाऊ शकतात. म्हणून जंतांचे औषध वेळेवर द्यावे आणि खेळून आल्यावर मुलांनी हात धुवावेत. आपला वैशाख तर ठाऊकच आहे. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकून ते अंगातली उष्णता घालवते. दुपारच्या उन्हात गच्चीवर किंवा पत्र्याखाली बांधलेले कुत्रे तासाभरातही दगावू शकते.

मुलांना कुत्र्याची भाषा शिकवावी. शेपूट हलते म्हणजे ते आनंदातच आहे, असे नाही. कान मागे गेले, शेपूट पायांत गेली, ते ओठ चाटू लागले, तोंड फिरवून डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहू लागले, तर ते 'मला सोडा' असे सांगत असते. गळ्यात हात टाकणे ही आपली माया. त्याला ती पकड वाटते. जेवणाऱ्या, झोपलेल्या किंवा पिल्लांना पाजणाऱ्या कुत्रीला हात लावू नये. लहान मुलाचे तोंड कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर असते, म्हणून त्याला चावा बहुधा चेहऱ्यावर आणि मानेवर होतो. लहान मूल आणि कुत्रे यांना एकटे सोडू नये, मग ते कुत्रे कितीही गुणी असो.

आणि आता सर्वांत गंभीर गोष्ट. ६ जुलै १८८५ रोजी लुई पाश्चर यांनी पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला लस टोचली आणि तो वाचला. ज्या रोगावर उपाय नव्हता त्यावर उपाय सापडला, आणि तो पहिल्या प्रथम एका मुलाच्या कामी आला. असे असूनही आज जगात रेबीजने होणाऱ्या मृत्यूंपैकी मोठा वाटा भारताचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते संशयित प्राण्यांनी चावलेल्यांत सुमारे ४० टक्के मुले पंधरा वर्षांखालील असतात. लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग जवळजवळ नेहमी प्राणघातक ठरतो. त्याआधी वेळेवर उपचार झाले तर तो टळतो.

मग मुले दगावतात का? एक कारण असे की मूल सांगतच नाही. 'त्या कुत्र्याच्या नादी लागू नकोस' असे बजावलेले असते. ओरखडा बारीक असतो. मार बसेल म्हणून ते बाही खाली ओढते. दुसरे कारण पोटातल्या चौदा सुयांची जुनी धास्ती. मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली ती सेम्पल लस आपल्याकडे २००४-०५ च्या सुमारास बंद झाली. आता दंडावर, पहिल्या दिवशी आणि त्यानंतर तिसऱ्या, सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी टोचतात. सरकारी रुग्णालयात ती मिळते. चावा किंवा ओरखडा झाला की वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुवावी. चुना, हळद, मिरची काही लावू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. रक्त निघाले असेल तर लसीखेरीज जखमेत द्यावयाचे प्रतिद्रव्य लागते, तेही डॉक्टरांना विचारून घ्यावे. घरच्या पिल्लाला तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीजची लस, आणि पुढे पशुवैद्य सांगतील तेव्हा दरवर्षी. या सर्वांहून महत्त्वाचे हे की, 'चावले तर आधी सांग, कोणी रागावणार नाही', हे वाक्य प्रत्येक घरात मुलाच्या कानावर पडलेले असले पाहिजे. ज्या घरी कुत्रे नाही, तेथेसुद्धा.

शेवटी हिशोब वर्षांचा. कुत्रे दहा-बारा वर्षे, कधी त्याहूनही अधिक जगते. सहाव्या वर्षी पिल्लू आणणारा मुलगा अठराव्या वर्षी शिक्षणासाठी जळगावला किंवा पुण्याला जातो. म्हातारे, अधू झालेले कुत्रे आईवडिलांपाशी उरते. आपले गाव रेल्वेचे जंक्शन. नोकरीच्या बदल्या येथे अनोळखी नाहीत. बदलीच्या वेळी सामान गाडीत चढते आणि कुत्रे दारात राहते, असे होणार असेल तर ते न आणलेले बरे. टाकून दिलेले घरचे कुत्रे रस्त्यावर टिकत नाही. आणि आपल्या माणसांनी त्याला टाकले, हे मूल विसरत नाही. उलट, ज्या घरात म्हाताऱ्या कुत्र्याची शेवटपर्यंत शुश्रूषा झाली, त्या घरातले मूल आपल्या आजोबांच्या खाटेजवळ बसायलाही कचरत नाही, असे आम्हांला वाटते.

म्हणून मुलाने पिल्लू आणले, तर रागावू नये आणि लगेच 'हो'ही म्हणू नये. त्या रात्री घरातल्या सर्वांनी एकत्र बसावे. पहाटे बाहेर कोण नेणार, लसीचा आणि औषधांचा खर्च कोठून निघणार, गावाला गेलो तर कोणाकडे ठेवणार, पुढच्या बारा वर्षांत बदली झाली तर काय, हे मुलासमोरच बोलावे. उत्तरे मिळाली तर पिल्लू ठेवावे. नाही मिळाली, तर मुलाला कारण समजावून सांगावे आणि त्याच्याच हाताने दारात, सावलीत, पाण्याचे एक भांडे ठेवू द्यावे. आळीच्या कुत्र्याशी आपले जे जुने नाते आहे, ते एवढ्यानेही चालू राहते.