नर्सरीतल्या मुलाला ‘अ’ का जमत नाही?

मूल ‘अ’ गिरवताना रेघेबाहेर जातं आणि घरात ओरडा बसतो. पण या वयात मनगटाची हाडंही पुरती तयार झालेली नसतात! साधारण तिसऱ्या वर्षी गोल जमतो, चौथ्याला अधिकची फुली, त्रिकोण पाचव्याच्या आसपास. ‘अ’ची वळणं तर त्याहून अवघड.

म्हणून आधी बोटांना काम द्या. पूर्वी धूळपाटीवर बोटानेच अक्षरं गिरवत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा खेळसाहित्यही गावात मिळणाऱ्या वस्तूंचंच होतं.

कर्जतजवळच्या पोशीरसारख्या भातपट्ट्यात तर हे घरातच आहे. ताटात तांदूळ पसरा, त्यात बोटाने रेघा, गोल काढू द्या. भिजवलेले, मोड आलेले वाल सोलायला बसवा. बिरड्याची तयारी होते आणि अंगठा-तर्जनीची चिमूटही पक्की होते. (लहानगे दाणे नाकात घालतात, शेजारी बसा.) मग पाटी आणि खडूचा छोटा तुकडा. तुकडा मुठीत धरून लिहिता येत नाही, चिमटीतच धरावा लागतो.

डावखुऱ्या मुलाचा हात बदलू नका. सहा-सात वर्षांनंतरही लिहिताना हात दुखत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.