गिअरच्या सात मुठी

माझ्याकडे एका लाकडी खोक्यात जीपच्या गिअरच्या सात मुठी आहेत. सातही काळ्या, सातही वापरून गुळगुळीत झालेल्या. त्यांतली एक माझ्या वडिलांच्या हाताखालची आहे. कोणती, ते मात्र मला सांगता येत नाही. जुन्या मोटारींमधल्या लहानसहान वस्तूंच्या संग्रहाविषयी आज बोलायचे आहे, आणि त्याची सुरुवात या खोक्यापासूनच करायला हवी.

वडील कारंजा लाडला एका जिनिंग फॅक्टरीच्या जीपवर ड्रायव्हर होते. कापसाच्या हंगामात मानोरा, मंगरुळपीर, मालेगाव असा त्यांचा फेरा असे. ते गेल्यावर काही वर्षांनी ती जीप भंगारात निघाल्याचे कानावर आले. मी वाशीमला हिंगोली रस्त्यावरच्या भंगाराच्या आवारात पोचलो, तोवर गॅसकटर फिरून गेला होता. दुकानदार भला माणूस. त्याने एक पोते माझ्यापुढे उपडे केले आणि म्हणाला, "तुमच्या जीपचं सामान याच्यातच आहे भाऊ, पाहून घ्या." पोत्यात सात गाड्यांच्या सात मुठी निघाल्या. मी सातही वजनाच्या भावाने घेतल्या.

त्या दिवशी एक गोष्ट पक्की समजली. वस्तू हाती लागली तरी ती कोणत्या गाडीची, हे सांगणारा कागद सोबत नसेल, तर हाती लागते ते निव्वळ भंगार. तेव्हापासून मी वस्तूंइतक्याच त्यांच्या नोंदी जमवतो.

राजेमहाराजांच्या रोल्स रॉइस गाड्या जपणारी माणसे होती. अहमदाबादजवळ कठवाड्याला त्यांचे मोठे संग्रहालय आहे. आपल्या वऱ्हाडातली जिनिंगची जीप, डॉक्टरांची फियाट, लग्नाला भाड्याने मिळणारी अ‍ॅम्बॅसेडर यांना मात्र कोणी वाली नाही. अख्खी गाडी ठेवायला सामान्य माणसाकडे जागा नसते आणि पैसाही. एक बिल्ला, एक किल्ली मात्र कपाटात सहज मावते.

मग अशा गाडीत पाहायचे काय? पहिली गोष्ट म्हणजे नावाचे बिल्ले. गाडीचा काळ त्यांवरून ओळखता येतो. मुंबईत कुर्ल्याला बनणाऱ्या फियाटच्या पाठीवर १९६४ नंतर 'डिलाइट' असे नाव असे, पुढे 'प्रेसिडेंट' आले आणि १९७४ पासून 'पद्मिनी'. बंगालमधल्या उत्तरपाडा येथे तयार होणाऱ्या अ‍ॅम्बॅसेडरची ओळख मार्क १, २, ३, ४ अशी बदलत गेली. टाटांच्या जुन्या ट्रकवर तीन टोकांचा मर्सिडीजचा तारा दिसला, की तो जर्मन कंपनीशी असलेल्या कराराच्या, म्हणजे १९५४ ते १९६९ च्या काळातला समजावा.

दुसरी गोष्ट म्हणजे नंबर. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला आणि त्याला एमएच ३७ हा क्रमांक मिळाला. त्याआधीच्या आपल्या गाड्यांवर अकोल्याचा एमएच ३० असे. नुसती तीन इंग्रजी अक्षरे आणि पुढे आकडे दिसले, तर ती नोंदणी १९८९ पूर्वीची, कारण एमएच ही पद्धतच त्या वर्षी सुरू झाली.

तिसरी गोष्ट मला सर्वांत जवळची, ती म्हणजे डॅशबोर्डवरचे देव. पोहरादेवीच्या सेवालाल महाराजांचा फोटो, शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथाचे चित्र, कारंजाच्या गुरुमंदिरातला नृसिंह सरस्वतींचा बिल्ला, शेगावचे गजानन महाराज. गाडी कोणत्या वाटांनी फिरली आणि ड्रायव्हरने कोणाच्या भरवशावर घाट उतरला, ते नोंदणीपुस्तकात सापडत नाही, इथे सापडते. असा देव मी परस्पर काढत नाही. घरचे लोक सापडले तर आधी त्यांना विचारतो.

कप्प्यात आणि सीटखाली आणखी बरेच काही मिळते. पेट्रोल पंपाच्या नावाची किल्लीची साखळी, कर भरल्याचे टोकन, ऑइल बदलल्याची मिस्त्रीच्या हातची चिठ्ठी. कागद ओले असतील तर उन्हात ठेवू नयेत, सावलीत दोन टीपकागदांमध्ये सुकवावेत.

साफसफाईत नव्या माणसाच्या हातून हमखास चूक होते. घरातली पितळेची भांडी चिंचेने लख्ख होतात, म्हणून तो बिल्लाही चिंचेने घासतो. माझाही एक बिल्ला असाच गेला. जुने चकचकीत बिल्ले बहुधा जस्ताच्या मिश्रधातूचे ओतलेले असतात आणि वर क्रोमचा पातळ मुलामा असतो. मुलाम्याला बारीक छिद्रे पडलेली असली, की आंबट पाणी त्यांतून आत शिरते, जस्त खाते आणि मुलामा फुगून निघतो. अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीला धुण्याचा सोडा तसाच घातक. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश आणि लगेच कोरडे पुसणे, एवढेच पुरे. थोडी जुनी कळा राहिली तर राहू द्यावी.

कायद्याचेही भान हवे. चासी नंबर असलेला तुकडा किंवा पट्टी संग्रहासाठी कधीही घेऊ नये. चोरीच्या गाड्यांना जुनी ओळख चिकटवण्यासाठी त्यांचा उपयोग होतो. २०२१ च्या नियमांनुसार नोंदणीकृत भंगार केंद्राला तो तुकडा कापून स्वतःकडे सांभाळून ठेवावा लागतो. नंबर प्लेटचेही तेच. जुन्या गाड्यांनाही आता सुरक्षा नंबर प्लेट सक्तीची झाल्याने पेंटरने हाताने रंगवलेल्या पाट्या जात आहेत. आपल्या गाडीची पाटी उतरण्यापूर्वी तिचा फोटो काढावा. आठवणीला तेवढा पुरतो.

उशीर मात्र करू नये. अ‍ॅम्बॅसेडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. मुंबईत टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली आणि वीस वर्षे भरल्यावर, २०२३ मध्ये, रस्त्यावरून उतरली. या गाड्या भंगारातही आता क्वचितच दिसतात, आणि आलेली गाडी आवारात फार दिवस उभी राहत नाही.

म्हणून एक विनंती आहे. घरची गाडी, स्कूटर किंवा ट्रॅक्टर भंगारात देण्यापूर्वी एक तास द्या. कप्पा उघडा, सीटखाली हात घाला. मिळेल त्या वस्तूला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधा. गाडी कोणती, कोणाची, कोण चालवत असे, कोणत्या साली घेतली, कोणत्या साली दिली, एवढे पाच शब्द लिहा. चालवणारा माणूस हयात असेल, तर त्याच्याकडूनच लिहून घ्या.

माझ्या खोक्यावरही चिठ्ठी आहे. "सात जीप. हिंगोली रस्ता, वाशीम. यांतली एक कारंजाची, बाबांची." नातू कधी कधी विचारतो, पणजोबांची कोणती? मी खोके त्याच्यापुढे ठेवतो. तो सातही मुठी एकेक करून हातात धरून पाहतो.